नागेशला मऊ क्लच हवा होता

नागेश गेला तेव्हा आमचं भांडण चालू होतं. भांडण म्हणजे अबोला वगैरे नव्हे. साठीच्या आसपासच्या दोन माणसांना तेवढा दम कुठला? पण शेवटच्या रविवारी बसवनगुडीतल्या आमच्या नेहमीच्या दर्शिनी हॉटेलात, उभ्याउभ्या एक कॉफी दोघांत घेताना, मी त्याला बरंच बोललो होतो. विषय त्याची गाडी. नवे टायर घालून वर्ष-सव्वा वर्षच झालं होतं आणि आता ती घरासमोर उभी करून हा मेट्रोने कारखान्यात जात होता. उभ्या गाडीचे टायर एकाच जागी दबतात, चपटे होतात, हे मी त्याला दहाव्यांदा समजावलं आणि वर म्हणालो, "चालवायची नसेल तर मला देऊन टाक." त्याने पेला खाली ठेवला. "सरी, बरं," तो म्हणाला, "घेऊन जा की." मला रागच आला. पंधरा वर्षं जी गाडी याने कुणाला चालवू दिली नाही ती अशी कॉफीच्या घोटाबरोबर देतो, म्हणजे मला टोमणाच मारतोय असं वाटलं. मी तोंड फिरवून निघून आलो. गुरुवारी सकाळी त्याच्या बायकोचा, सरोजवहिनींचा फोन आला. "भावजी, या," एवढंच म्हणाल्या. मी पोचलो तेव्हा डॉक्टर निघाले होते. नागेश आंघोळ करून पेपर घेऊन बसला होता, बसल्या जागी गेला. हृदय बंद पडलं म्हणाले.

त्याला आता दीड महिना झाला. आमच्या इथल्या मराठी मंडळींची पुरवणी निघते, तिच्यासाठी मित्राबद्दल लिहा म्हणून दोनदा निरोप आला. मी आयुष्यभर यंत्रांचे अहवाल लिहिले, माणसावर कधी लिहिलं नाही. आणि खरं सांगायचं तर कंटाळा आलाय… लिहिण्याचा नाही, रोज सकाळी उठून तीच एक गोष्ट मनात घोळवण्याचा. एकदा लिहून टाकली तर निदान ती माझ्या एकट्याच्या डोक्यात राहणार नाही, म्हणून बसलोय.

नागेशचं घराणं बंगळूरमधलं जुनं. किती पिढ्या झाल्या ते त्यालाही धड सांगता येत नसे. मी बेळगावहून तीस वर्षांपूर्वी इथे आलो, बोम्मसंद्र्यातल्या यंत्रांच्या कारखान्यात. त्याचं तिथेच दोन गल्ल्या सोडून पुठ्ठ्याची खोकी बनवायचं छोटं युनिट होतं. आमच्या सुट्या भागांची खोकी चुकीच्या मापाची आली म्हणून मी फोनवर कुणावर तरी मराठीत तोंडसुख घेत होतो, आणि दारात एक उंच माणूस हातात टेप घेऊन उभा. माझं संपेपर्यंत थांबला आणि म्हणाला, "खोकी माझीच हाय. शिव्या पण मलाच द्या की, मराठी कळते मला." त्याची मराठी ऐकून मी हसलो होतो. निम्मी कन्नड. दुपारी चार वाजता भेटला तरी पहिला प्रश्न "जेवण झालं?" हाच. त्याला माझी मराठी भांडल्यासारखी वाटायची, मला त्याची झोपेत बोलल्यासारखी. त्या दिवशी त्याने प्रत्येक खोकं स्वतः मोजलं, चूक आपली आहे म्हणाला आणि दुसऱ्या दिवशी नवी खोकी पाठवली. चूक माझ्या ड्रॉइंगमध्ये होती हे मला आठ दिवसांनी समजलं. त्याला पहिल्याच दिवशी समजलं होतं. "तू नवीन होतास, तुझ्या साहेबासमोर कशाला बोलायचं?" असं त्याने कितीतरी वर्षांनी सांगितलं. हा माणूस असा होता हे मला तेव्हापासून माहीत होतं. माहीत असून काही उपयोग झाला नाही, हे पुढे येईलच.

गाडी त्याने पंचेचाळिशीत घेतली. लाल रंगाची, बुटकी, दिसायला चारचौघांसारखी पण पायाखाली भलतीच चपळ. कंपनीने ते मॉडेल कधीच बंद केलं. ज्यांच्याकडे होती त्यांनी विकून उंच उंच गाड्या घेतल्या. याने नाही घेतली. रोज बसवनगुडी ते बोम्मसंद्रा आणि परत, सिल्क बोर्डच्या त्या चौकातून, जिथे माणसाचं अर्धं आयुष्य पहिल्या गिअरमध्ये जातं. आणि रविवारी सकाळी आम्ही दोघं देवनहळ्ळीच्या बाजूला. तेव्हा तिकडे द्राक्षाचे मळे होते, रस्ता मोकळा असायचा. तो एरवी इतका सावकाश माणूस, पण तिथे तिसऱ्या गिअरमध्ये गाडी अशी काही ओढायचा की मी दाराची मूठ धरून बसायचो. तिथल्या किल्ल्यापाशी इडली खाऊन परत. मी इंजिनियर, त्यामुळे गाडीचा कारभार हळूहळू माझ्याकडे आला. मीच त्याला इंजिन ट्यून करून घ्यायला लावलं, एग्झॉस्ट बदलायला लावला. विल्सन गार्डनमधल्या मुनिराजू मेकॅनिककडे आम्ही दोघं जायचो, पण बोलायचो मी. नागेश बाजूला स्टुलावर बसून मान हलवायचा.

दोन वर्षांपूर्वी क्लच घसरायला लागला. फ्लायओव्हर चढताना इंजिनाचा आवाज वाढायचा, काटा वर जायचा आणि गाडी मात्र तिथल्या तिथे, वर जळका वास. प्लेट संपली होती, बदलायला हवी होती. प्रश्न फक्त कोणती घालायची एवढाच होता. मला तर पर्वणीच. पुढचे दोन रविवार मी दर्शिनीत कागद घेऊन गेलो. ट्यून केलेल्या इंजिनाची ओढ वाढलेली, साधी प्लेट ती कशी पेलणार, प्रेशर प्लेटची स्प्रिंग किती कडक हवी, सगळा हिशेब मांडला. नागेशने कागद नीट पाहिला, चष्मा काढला आणि म्हणाला, "सगळं बरोबर असेल रे. पण पेडल स्वल्प मऊ पाहिजे."

"मऊ म्हणजे?"

"मऊ म्हणजे मऊ. पायाला."

"त्याला काही माप आहे का?"

तो हसला. "पायाला काय माप असतं?"

मी त्याला म्हातारा झालास म्हणालो. स्पोर्टी गाडीला मऊ क्लच म्हणजे पैलवानाला शिरा भरवणं, असलं काहीतरी बोललो, मला माझा विनोद आवडलाही. पुढच्या रविवारी त्याने पुन्हा तोच विषय काढला. साधीच घालू, कंपनीची असते ती, मी काही शर्यत लावणार नाही, असं म्हणाला. नागेश एखादी गोष्ट दुसऱ्यांदा म्हणतोय म्हणजे ती त्याला किती हवी असेल, हे मला कळायला हवं होतं. मी त्याला टॉर्कचा, म्हणजे इंजिनाच्या ओढीचा, आलेख दाखवला.

त्याच वेळी त्याची साठी आली. घरी साठीची शांत होती, सगळा गोतावळा जमलेला, मंत्र, होम, कलशाचं पाणी अंगावर. आमच्याकडे साठीला कुणी शाल देतं, कुणी समई देतं. मी कोइमतूरच्या ओळखीच्या माणसाकडून मागवलेला क्लच दिला. कडक स्प्रिंगवाला, म्हणजे पेडलही कडक. चांदीच्या ताटात शालीवर ते खोकं, शेजारी नारळ. सगळे हसले, टाळ्या वाजल्या. वहिनींनी खोक्याला हळदकुंकू लावलं. नागेशने खोकं उघडलं, प्रेशर प्लेट दोन्ही हातांत धरून उचलली, स्प्रिंगच्या पाकळ्यांवर अंगठा दाबून पाहिला. मग माझ्याकडे बघून म्हणाला, "फार चांगली आणलीस रे." ओल्या सोवळ्यात उभा होता आणि दीडशे माणसं बघत होती… त्याने दुसरं काय म्हणावं अशी माझी अपेक्षा होती?

क्लच बसला. गाडी धनुष्यातून सुटल्यासारखी निघायची, मी खूश. दर रविवारी गाडीपाशी गेलो की आधी दारातूनच ड्रायव्हरच्या सीटच्या कडेला टेकून पेडल दाबून बघायचो. "काय घट्ट बसलंय!" तो बाहेर उभा राहून "हौदु, हौदु", हो हो, म्हणायचा. टायरच्या वेळी मात्र तो हट्टाला पेटला. मला रुंद हवे होते, कडक बाजूंचे, वळणावर रस्ता धरून ठेवणारे. त्याला मूळ मापाचेच हवे होते, जाड बाजूंचे, शांत, पावसात न घसरणारे, खड्ड्यात कंबर न हलवणारे. मी कितीही समजावलं तरी ऐकेना. "कंबर हलू नये" हे शब्द त्याने वापरले होते, मला स्पष्ट आठवतात. मी म्हणालो, रणगाड्याला घरातल्या सपाता घालतोयस. शेवटी एका मंगळवारी मला न सांगता एकटाच गेला आणि त्याला हवे ते चार टायर घालून आला. मी आठ दिवस गाल फुगवून होतो.

त्या वर्षीच्या दसऱ्यातल्या आयुधपूजेला त्याच्या गल्लीत गाड्या ओळीने लागल्या होत्या, केळीचे खुंट, झेंडू, सगळ्यांच्या चाकांखाली लिंबं. पूजा झाली की गाडी थोडी पुढे घेऊन लिंबं चिरडायची, एवढंच. नागेश बसला, गाडी हिसका देऊन बंद पडली. पुन्हा चालू केली, पुन्हा बंद. चाळीस वर्षं गाडी चालवणारा माणूस. गल्लीतली पोरंटोरं हसली, मीही हसलो. तिसऱ्या वेळी लिंबं चिरडली. तो उतरला तेव्हा दाराला धरून क्षणभर तसाच उभा राहिला. मी पाठीवर थाप मारून म्हणालो, "क्लच तरुण आहे रे, तू नाहीस!" तोही हसला.

मग पिवळी मेट्रो सुरू झाली, थेट बोम्मसंद्र्यापर्यंत. पहिल्याच आठवड्यात त्याने गाडी उभी केली. मेट्रो कशी गार आहे, वेळेवर आहे, आर. व्ही. रोडला पहिल्या स्टेशनवर चढलं की बसायला जागा मिळते, याचं तो इतकं कौतुक करायला लागला की मला त्याचा संशय नाही, संताप आला. देवनहळ्ळीला जाणंही थांबलं. तिकडे आता सगळे लेआउट झाले, जाऊन बघायचं काय, असं म्हणायचा. मी त्याला गद्दार म्हणायचो, आणि तसंच म्हणत म्हणत तो शेवटचा रविवार आला.

तेराव्यानंतर वहिनींनी मला किल्ली दिली. "त्या रविवारी घरी आल्यावर म्हणाले होते, गाडी तुम्हाला दिली म्हणून," त्या म्हणाल्या. टोमणा नव्हता तर. मी किल्ली घेऊन खाली गेलो, दार उघडून आत बसायला लागलो, तर बसताच येईना. सीट इतकी पुढे ओढलेली की स्टिअरिंग पोटाला लागत होतं. नागेश माझ्यापेक्षा वीतभर उंच. वहिनी गाडी चालवत नाहीत. मुनिराजूच्या माणसांनी सरकवली असेल असं समजून मी सीट माझ्या बेताने मागे घेतली आणि निघालो. होसूर रोडला लागलो. बाजूला बसून मी त्या गाडीतून हजार वेळा गेलो असेन, पेडल शंभर वेळा दाबून पाहिलं असेल, पण ऑफिसच्या वेळी सिल्क बोर्डमधून ती स्वतः कधी चालवली नव्हती. पुढे चार फूट, थांब. पुन्हा चार फूट, थांब. सवयीप्रमाणे क्लच किती वेळा दाबावा लागतो ते मोजायला लागलो आणि चाळीसला सोडून दिलं. मांडी थरथरत होती. पाय वर उचलताना आपोआप उडत होता आणि गाडी हिसके देत होती. जोर पुरेना म्हणून मी सीट एक खाच पुढे ओढली, म्हणजे गुडघ्याऐवजी कमरेतून जोर लावता येईल. मग अजून एक. मग अजून एक. तिसऱ्या खाचेला स्टिअरिंग पोटाला लागलं… आणि माझ्या लक्षात आलं की सीट पुन्हा तिथेच आली होती, जिथे ती मला सापडली होती. मागचे लोक हॉर्न वाजवत होते.

परत येऊन वहिनींना विचारलं, नागेशचा पाय दुखायचा का. त्या सांगायला लागल्या. "क्लच बिघडायच्या आधीची गोष्ट, भावजी. एकदा संध्याकाळी कारखान्यातून आले आणि जिन्यातच डावा पाय धरून बसले. कंबरेतून कळ जाते म्हणाले. डॉक्टरांनी मणक्याची शीर दबलीय सांगितलं. मी म्हटलं, विकून टाका ती गाडी, बिनक्लचची घ्या. भांडले मी स्वल्प. त्यानंतर पाय दुखतो असं कधी तोंडातून काढलं नाही." मग म्हणाल्या, "मला वाटलं, पाय बरा झाला."

म्हणजे असं होतं. पाय दुखतो म्हटलं तर गाडी जाणार, म्हणून तो कुणालाच सांगत नव्हता. गाडी राहायची असेल तर त्याला एकच गोष्ट हवी होती, आणि ती त्याने माझ्याकडे दोनदा मागितली होती. कारण न सांगता मागितली, कारण मी वहिनींना सांगितलं असतं. माझ्या पोटात काही राहत नाही हे त्याला माहीत होतं. मी काय केलं, तर टॉर्कचा आलेख दाखवला, दीडशे माणसांसमोर तो कडक क्लच शालीवर ठेवून त्याची गाडी त्याच्याकडून काढून घेतली, आणि वर त्याला गद्दार म्हटलं. मला फार वाईट वाटतं असं लिहिलं तर ते खोटं नाही, पण पुरेसंही नाही. थकून गेलोय मी या विचाराने.

दुसऱ्या दिवशी गाडी मुनिराजूकडे नेली. साधी प्लेट घाल म्हणालो, कंपनीची असते ती. तो हात पुसत माझ्याकडे बघत राहिला. मग त्याच्या कन्नड-हिंदीत जे म्हणाला ते असं: "सार, ते पण एकदा आले होते, एकटेच. हेच विचारलं. मी म्हटलं, एका दिवसाचं काम, उद्या घेऊन या. या स्टुलावर बसले थोडा वेळ. मग म्हणाले, नको, राहू दे. तो दर रविवारी येऊन पेडल दाबून बघतो, त्याला कळेल."

मी त्याच स्टुलावर बसलो. संध्याकाळपर्यंत तिथेच होतो. मुनिराजूने माझा क्लच काढून फडक्यावर ठेवला, नवी प्लेट बसवली, गाडी खाली उतरवली आणि बघा म्हणाला. मी आत बसून पेडल दाबलं. काही लागलंच नाही पायाला, नुसता पाय ठेवला आणि गेलं खाली. इतकं मऊ. मुनिराजू विचारत होता, ठीक आहे ना सार, आणि मी मान हलवत होतो, नागेश हलवायचा तशी.

मग मी वाकून सीटखालचा दांडा ओढला आणि सीट मागे सरकवली, एक एक खाच करत पार शेवटपर्यंत, त्याच्या उंचीचा माणूस पाय लांब करून आरामात बसेल तिथपर्यंत. मी टेकून बसलो, हात स्टिअरिंगवर ठेवले आणि पाय पुढे केले. माझे पाय पेडलपर्यंत पोचत नव्हते.